सूरजपोलवरचा पाचवा हात

जीप गढाखालच्या वडापाशी थांबली. धापूबाई सगळ्यांच्या आधी उतरली आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "चला, परत जाऊ."

"आत्ताच तर आलो, बाई," तिचा मुलगा भेरूलाल म्हणाला.

"आलो ना? गढ पाहिला ना? होता तिथंच आहे. चला."

मागच्या सीटवरून तिची नात पतासी उतरत होती. तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. वर्षभरात त्या चेहऱ्यावर एवढं हलणंसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. नवरा गेल्यापासून पतासी सासरच्या घरात कोपऱ्यात बसून होती. तसा रिवाजच. वर्ष भरलं की माहेरची माणसं येतात, नवी ओढणी घालतात आणि पोरीला कोपऱ्यातून उठवतात. परवा ते झालं. पण उठवून तिला न्यायचं कुठं, हे माहेरच्यांनी नव्हतं ठरवलं. ते तिच्या सासऱ्यानं, मोडीरामनं ठरवलं होतं.

मोडीराम पुढच्या सीटवरून सावकाश उतरला. पांढरा साफा दोन्ही हातांनी दाबून बसवला. शाळांच्या नि दवाखान्यांच्या भिंती बांधता बांधता मोठा झालेला हा ठेकेदार. भेरूलाल त्याच्याच हाताखाली मिस्त्री.

"काय ब्याणजी, चढ बघून पाय लटपटले? पालखी मागवू?"

व्याही-विहिणींनी एकमेकांची टर उडवायची, हा त्या मुलखात हक्कच. तो धापूबाईनं आजवर कधी वाया घालवला नव्हता.

"तुमच्यासाठी मागवा, ब्याईजी. पोट पुढं पोचतंय, तुम्ही मागनं येताय."

ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. मोडीरामही हसला. त्याला आज रागवायचं नव्हतं. काम होईपर्यंत तरी नव्हतं.

काम असं होतं. वर सूरजपोलच्या, म्हणजे गढाच्या मोठ्या दरवाज्याच्या भिंतीत सतीमातेचा हात आहे. त्या हातात आपला तळहात ठेवायचा आणि बोलायचं. तिथं बोललेलं मोडता येत नाही, अशी आसपासच्या पन्नास गावांची श्रद्धा. पतासीनं तिथं हात ठेवून बोलायचं होतं, की मी दुसरं घर करणार नाही, मोडीरामच्याच उंबऱ्याआड जन्म काढीन. पोर वीस वर्षांची. त्यांच्या कुमावत जातीत विधवेनं दुसरं घर करणं कुणाला कधी खटकलं नव्हतं. धापूबाईची आईसुद्धा तशीच दुसरं घर करून आलेली. पण मोडीरामच्या घराला दुसरा मजला चढला, दारात जीप आली, आणि त्याला ठाकुरांच्या घरचे रिवाज आठवायला लागले. "आपल्याकडच्या सुना आता दुसरीकडे जात नाहीत," असं तो 'आपल्याकडच्या'वर जोर देऊन म्हणायचा.

आणि या सगळ्यात धापूबाईला एक गोष्ट ठाऊक होती, जी जीपमधल्या दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती.

तो हात तिचा होता.

*

वाट तीन वळणं घेत चढते. पहिल्या वळणावर धापूबाई बसली. पाणी प्यायली. उठली. दहा पावलांवर पुन्हा बसली आणि जोडा काढून झटकला. त्यात काही नव्हतं.

"खडा?" भेरूलालनं विचारलं.

"असणार. तुझ्यासारखाच, दिसत नाही पण बोचतो."

"मी काय केलं?"

"तेच. काही केलं नाहीस."

भेरूलाल पुढं चालत्या मोडीरामच्या पाठीकडे बघत राहिला. धापूबाईनं उजवा हात ओढणीत गुंडाळून घेतला. आयुष्यभराची सवय ती. उजव्या हाताची करंगळी वरच्या पेरापासून नव्हती.

ती याच गढाच्या पायथ्याला, चुनगरांच्या वस्तीत जन्मली. बापाचं नाव कजोड. चार मुलींवर पाचवी झाली, तेव्हा आजीनं नाव ठेवलं धापू, म्हणजे पोट भरलं, आता पुरे. देवानं ऐकलं, सहावा खेमा झाला. पण धापू तोवर बापाच्या मागं मागं चुन्याच्या घाणीपाशी जायला लागली होती. रेडा गोल गोल फिरायचा, दगडी चाकाखाली चुना वाटला जायचा, आणि धापू चाकापुढचा चुना हातानं आत लोटायची. आठव्या वर्षी करंगळीचं टोक चाकाखाली गेलं. आईनं हळद दाबली. बाप म्हणाला, "नऊ पुरेत. नऊ बोटांनीसुद्धा भिंत गुळगुळीत होते."

आणि होत होती. गूळ, मेथी, दही घालून महिनाभर मुरवलेला चुना भिंतीला चढवायचा, अकीकाच्या गोट्यानं घोटत राहायचं, शेवटी खोबऱ्याच्या तुकड्यानं पुसायचं. मग भिंतीत तोंड दिसायचं. ती अकरा वर्षांची असताना ठाकुरांच्या लेकीचं लग्न निघालं. वरात सूरजपोलमधून येणार, म्हणून पोलच्या आतल्या भिंतीचं काम कजोडला मिळालं. बाप-लेकींनी पंधरा दिवस घोटलं. सोळाव्या दिवशी, बाप पाणी प्यायला गेला असताना, ओल्या पट्ट्यावर धापूनं आपला उजवा हात दाबला. का दाबला, हे तिला तेव्हाही सांगता आलं नाही. भिंत इतकी गार, इतकी मऊ होती, की न दाबणं जमलंच नसतं.

बापानं आधी एक थोबाडीत दिली. मग हाताकडे पाहिलं, तुटक्या करंगळीकडे पाहिलं आणि हसत सुटला. थापीच्या टोकानं त्यानं हाताखाली तीन उभ्या रेघा ओढल्या आणि शेजारी एक ठिपका. ही त्यांच्या घराची खूण. कुठला पट्टा कुणी घोटला ते मुकादमाला कळावं, म्हणून प्रत्येक घर आपापली खूण करी. "आता राहू दे," तो म्हणाला. "वरात हत्तीवरून येते. हत्तीवरचा माणूस खाली बघत नाही."

*

दुसऱ्या वळणावर पतासी तिच्याजवळ येऊन बसली. मोडीराम आणि भेरूलाल पुढं निघून गेले होते.

"दादी, तुला बरं वाटत नाहीये का?"

"मला धड बसवत नाही, धड चालवत नाही. तू सांग. तुला काय हवंय?"

"मला कुणी विचारलंय?"

"मी विचारतेय ना. का मी माणसांत येत नाही?"

पतासीनं खाली दरीकडे पाहिलं. 

"ठाऊक नाही. वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसले. आकाश दिसायला लागून दोनच दिवस झाले. एवढ्यात काय सांगू? दुसरं घर करीन असंही नाही, दादी. करणारच नाही असंही नाही. फक्त..." ती थांबली. "पुढं कधी नाही म्हणायची वेळ आली, तर ते माझ्या तोंडानं म्हणावंसं वाटतं. सतीमातेच्या हातात देऊन टाकावंसं नाही वाटत."

"मग बोल तसं."

"कुणाला? बापूंना? ते सासऱ्यांकडेच कामाला आहेत."

धापूबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. मोडीरामचा बेत कळल्यापासून, गेल्या चार दिवसांत, तिनं असं किती वेळा केलं होतं.

कारण वर, पोलच्या सावलीत, तिचा भाऊ खेमा बसला होता.

पोलवर मुळात चारच हात होते. दगडात कोरलेले, उठावाचे, सती गेलेल्या कुठल्या काळच्या राण्यांचे, कुणालाच धड ठाऊक नव्हतं. कजोड कामाला लागताना त्यांना नमस्कार करायचा, बस. धापू चौदाव्या वर्षी लग्न होऊन पंधरा कोसांवर गेली. तिथं तिनं चुना वाहिला, विटा वाहिल्या, सात बाळंतपणं केली, त्यातली तीन मुलं हाताला लागली. नवरा परांचीवरून पडला, तेव्हा तीही दुसरं घर करू शकली असती. नाही केलं, तिची मर्जी. कुणी कुठं हात ठेवायला सांगितला नाही. स्वतःच्या घरी चूल लिंपली की ती तीन रेघा आणि एक ठिपका काढायची. पोरांना वाटायचं, नक्षी आहे.

इकडं कुणीतरी चार हातांना शेंदूर लावता लावता पाचव्यालाही लावला. वर्ख चढला. तुटक्या करंगळीचीही कहाणी झाली: राणीनं चितेवर चढण्याआधी बोट कापून देवीला वाहिलं म्हणे. आणि हा हात बाकीच्यांसारखा उठावाचा नव्हता, आत दबलेला होता. तळहात त्यात टेकवता यायचा. मग लोक त्यात हात ठेवून बोलायला लागले.

पंधरा वर्षांपूर्वी राखीला आलेल्या खेमानं तिला हे सांगितलं. "जीजी, तू देव झालीस." दोघं बहीणभाऊ पोट धरधरून हसले होते. पुढच्या राखीला खेमा कमी हसला. त्यानं पोलपाशी नारळ-फुलांची टपरी टाकली होती. त्याच्या पुढच्या राखीला म्हणाला, "मोठ्यानं नको बोलूस, जीजी." लग्न झाल्यापासून ती गढावर आली नव्हती, आणि आता तिनं ही गोष्ट तोंडातूनच काढली नाही. भावाच्या पोटावर पाय कसा द्यायचा?

"ऊठ," ती पतासीला म्हणाली. "बसून बसून गुडघे आखडले."

"आत्ताच बसलीस, दादी."

"तेच सांगतेय."

*

माघातली अष्टमी. पोलवर बरीच गर्दी होती. हत्तीनं डोकं आपटू नये म्हणून दारावर ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांवर आता नवसाच्या चुनऱ्या लटकत होत्या. मोठं दार बंद, दिंडी दरवाजा उघडा. एकेकाला वाकून आत जावं लागत होतं. मोडीरामचा साफा चौकटीला लागून तिरका झाला.

"हत्तींसाठी मोठं दार असायचं, ब्याईजी," धापूबाई मागून म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज तिलाच परका वाटला.

आतल्या वळणावर, सरकारी पाटीखाली, खेमाची टपरी होती. पाटीवर लिहिलं होतं, भिंतीस हात लावू नये. खेमानं बहिणीला पाहिलं. त्याच्या हातातला नारळ टोपलीत पडला.

"जीजी? तू? आज?"

"पतासीच्या सासऱ्यानं आणलंय. हातावर हात ठेवायला."

खेमाला समजायला वेळ लागला नाही. त्यानं पतासीकडे पाहिलं, मोडीरामकडे पाहिलं, मग हलक्या आवाजात म्हणाला, "अष्टमी आहे, जीजी. उद्या आली असतीस."

"उद्या ती बोलून मोकळी झाली असती."

"मी काय म्हणतो..."

"काय म्हणतोस?"

खेमा झेंडूच्या माळा उगाच इकडच्या तिकडं करत राहिला.

भिंतीपाशी पोचल्यावर धापूबाईनं पन्नास वर्षांनी आपला हात पाहिला. शेंदराचे थर चढून तो सुजल्यासारखा दिसत होता. बोटांवर चांदीचा वर्ख. किती लहान होता. तिला वाटलं होतं, मोठा असेल.

भेरूलाल नारळ घेऊन उभा होता. मोडीरामनं पतासीला पुढं केलं.

"ये, लाडी. मी म्हणतो तसं म्हण. भिऊ नकोस. सतीमाता, मी मोडीरामची सून..."

पतासीचा हात वर गेला. मध्येच थांबला.

"थांब," धापूबाई म्हणाली.

"आता काय झालं, ब्याणजी? पुन्हा खडा?"

"हा सतीचा हात नाही. माझा आहे."

मोडीराम खदखदून हसला. मागं रांगेत उभ्या असलेल्या दोघीतिघीही हसल्या. विहिणीनं टर उडवली, यापलीकडे कुणाला काही वाटलं नाही.

"वा. म्हणजे आम्ही सतीच्या घरची पोर सून करून आणली. आधी सांगितलं असतं, तर वरातीत दोन ढोल जास्त लावले असते."

धापूबाईनं ओढणी बाजूला केली आणि उजवा हात त्या हाताशेजारी भिंतीवर टेकवला. तिचा तळहात मोठा, भेगाळलेला. पण करंगळी तिथंच संपत होती, जिथं त्या हाताची संपत होती.

हसू ओसरलं.

"अकरा वर्षांची होते. बापानं भिंत घोटली होती, ओली होती, मी हात दाबला. एवढंच आहे. कुणी राणी नाही, कुणी चिता नाही. चुन्याच्या घाणीत तुटलेलं बोट आहे हे."

"कितीकांची बोटं तुटतात," मोडीराम म्हणाला. मग टपरीकडे वळला. "काय हो, तुम्ही इथले ना? यांचे भाऊ ना? सांगा, खरं आहे हे?"

सगळे खेमाकडे बघायला लागले. धापूबाईही. खेमानं नारळाची शेंडी धरली, सोडली.

"मी तेव्हा लहान होतो," तो म्हणाला. "मला काय आठवणार?"

 धापूबाईनं त्याच्यावरची नजर काढून घेतली.

पतासी मात्र हाताकडे बघत नव्हती. ती हाताच्या खाली बघत होती. तिनं वाकून शेंदरात नख घातलं. जुना शेंदूर खपलीसारखा सुटला. तिनं बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि वर न बघता म्हणाली, "तीन रेघा आहेत, दादी. ठिपकापण आहे. चुलीवरच्यासारखा."

भेरूलालनं नारळ काखेत घेतला, पुढं झाला आणि शेंदूर निघालेल्या जागेवर अंगठा फिरवला. मिस्त्री माणूस. तो अंगठा बराच वेळ तिथंच राहिला.

"कजोडनानांची घोटाई," तो म्हणाला. "अशी आता कुणाला जमत नाही."

"भेरूलाल," मोडीराम म्हणाला. त्या आवाजात उद्याचं काम होतं, परवाचंही होतं.

भेरूलालनं अंगठा धोतराला पुसला. "बाई खोटं बोलत नाही, ब्याईजी. ही खूण मीही काढतो. तुमच्या जिन्याखाली पण आहे. बघितली नसेल तुम्ही."

मोडीरामचा चेहरा लाल झाला. पण तो हार मानणारा माणूस नव्हता. त्यानं साफा सरळ केला आणि आवाज खाली आणला.

"असू दे. तुमचा तर तुमचा. लोक मानतात ना? दगडाला शेंदूर लागला की तो दगड राहत नाही. इथं आता देवी आहे. ठेव हात, लाडी."

 एवढं बोलूनही तो हात तिथंच, शेंदरात, वाट बघत होता. मग धापूबाईच्या लक्षात आलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिचे पाय जागेवर ठरले.

"बरं. देवी तर देवी. पण मग देवी कोण झाली, ब्याईजी? मीच ना?"

"तसं म्हणा हवं तर."

"मग मला विचारा. आण द्यायची ती माझ्या हातात देणार. घ्यायची की नाही, ते मी सांगायचं. मी घेत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे घेत नाही. ती दिवसभर हात ठेवून बोलली तरी घेत नाही. दुसरं काही द्या. लाडू असले तर द्या."

रांगेतली एक म्हातारी फिस्सकन हसली आणि तिनं लगेच तोंडाला पदर लावला. मोडीरामनं पतासीकडे पाहिलं. पतासीनं वर केलेला हात हळूच खाली घेतला आणि ओढणीत गुंडाळून घेतला. दादी गुंडाळायची तसाच.

"मी खाली जीपमध्ये बसतो," मोडीराम म्हणाला. "अर्धा तास थांबेन." दिंडीतून जाताना साफा पुन्हा चौकटीला लागला. या वेळी धापूबाई काही बोलली नाही.

भेरूलाल नारळ घेऊन तसाच उभा होता. "आता याचं काय करू?"

"फोड. भूक लागली."

*

भेरूलाल खाली समजूत घालायला गेला. पतासी पायरीवर बसून खोबरं खात होती, दाताखाली कर्र कर्र आवाज करत, वर उघड्या आकाशाकडे बघत. खेमा टपरी सोडून बहिणीपाशी आला.

"जीजी, मी..."

"तुझी टपरी कुणी उठवणार नाहीये. नारळ विक. मी काही पाटी लावायला आले नाही."

"राग आलाय?"

"आलाय. संध्याकाळी बघू त्याचं." मग तिनं भिंतीकडे पाहिलं. "खेमा, पंधरा वर्षांत किती जणींनी यात हात ठेवला?"

"ते मी कसं सांगू? अष्टमीला रांग लागते."

"आणि काय काय बोलल्या?"

"सगळं. नवऱ्यासाठी, पोरासाठी. काहींना कुणी घेऊन येतं. काही रडतात. मी तिकडं बघत नाही."

धापूबाई उठली. बसली. पुन्हा उठली. तिच्या तळहाताला मुंग्या आल्यासारखं होत होतं. किती पोरींनी तिच्या हातात कायकाय ठेवलं होतं, आणि ती पंधरा कोसांवर बसून चुली लिंपत होती, भाकऱ्या थापत होती, हसतसुद्धा होती.

खालून जीपचा हॉर्न आला. एकदा. थोड्या वेळानं दोनदा.

"दादी, बोलावतायत," पतासी म्हणाली.

"वाजवू दे."

रांग पुन्हा सुरू झाली होती. नवी, लाल ओढणीतली एक मुलगी भिंतीपाशी आली. मागं तिची सासू होती आणि सासूच्या मागं दीर. मुलीनं घुंगट जरा वर केला आणि हात उचलला.

धापूबाई भिंतीला पाठ लावून, हाताच्या बरोब्बर खाली, तीन रेघांशेजारी मांडी घालून बसली.

"काय गं पोरी," तिनं विचारलं, "काय बोलणार आहेस? तुझं आहे, की कुणी सांगितलंय?"